मोटारीच्या नव्या टायरांची परीक्षा

मोटार विकत घेणारा मनुष्य तिचा रंग पाहतो, आतील बैठक पाहतो, इंजिनाची ताकद विचारतो आणि लिटरमागे गाडी किती किलोमीटर धावेल याचा हिशेब मांडतो. टायरांकडे मात्र त्याची दृष्टी सहसा जात नाही. ते गाडीबरोबर येतात, झिजतात आणि एक दिवस बदलले जातात, एवढेच त्याला ठाऊक असते. वास्तविक इंजिनाने निर्माण केलेली सारी शक्ती, ब्रेकने घातलेला सारा आवर आणि चालकाच्या हातातील चक्राने दिलेली प्रत्येक आज्ञा रस्त्यापर्यंत पोहोचते ती या चार टायरांमार्फतच. हा दुवा कच्चा असेल तर बाकीचे यंत्र कितीही उत्तम असले तरी त्याचा उपयोग नाही. अलीकडे लहान पण चपळ अशा मोटारींची आवड तरुण वर्गात वाढली आहे, आणि तिच्याबरोबरच अधिक पकडीचे टायर बसवून ते कसे चालतात हे आजमावण्याची हौसही वाढली आहे. ही परीक्षा कशी घ्यावी, तिच्यातून काय कळते आणि काय कळत नाही, हा प्रश्न केवळ हौशी लोकांपुरता नाही. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाच्या जिवाशी त्याचा संबंध आहे.

हा विचार करताना सुरतेजवळच्या कामरेजचे उदाहरण समोर ठेवणे सोयीचे आहे. मुंबईहून अहमदाबादकडे मोटारीने गेलेल्या पुष्कळ श्रोत्यांनी ही जागा पाहिली असेल. सुरत शहराच्या पूर्वेस, तापीच्या काठी हे गाव वसले आहे. प्राचीन काळी येथे व्यापारी बंदर होते, हे २००३ साली झालेल्या उत्खननाने पुढे आले. संस्थानी काळात कामरेज बडोद्याच्या गायकवाडांच्या नवसारी प्रांतात मोडत असे. पूर्वी ज्याला आठ क्रमांकाचा महामार्ग म्हणत आणि आता ज्याचा क्रमांक ४८ आहे, तो रस्ता येथूनच तापी ओलांडतो. सुरतेहून सौराष्ट्राकडे जाणाऱ्या बसगाड्या याच चौफुलीवरून वळतात. आजूबाजूला उसाचे मळे आहेत. हंगामात ऊसतोडीसाठी डांगातून आणि आपल्या खानदेशातून मजुरांच्या टोळ्या या भागात उतरतात, आणि उसाने लादलेल्या गाड्या साखर कारखान्यांकडे चालू लागतात. म्हणजे दहा-पंधरा किलोमीटरांच्या टापूत महामार्गाचा सपाट पट्टा आहे, पुलाचे सांधे आहेत, शहराकडचा गर्दीचा रस्ता आहे आणि उसाचे पाचट व शेतातील चिखल पडलेली गावाकडची वाटही आहे. टायराला जे जे भोगावे लागते ते सारे येथे एकत्र सापडते. त्यात जुलै महिन्यातील दक्षिण गुजरातचा पाऊस!

ज्या मोटारींसाठी हे खास टायर घेतले जातात त्या दिसायला लहानच असतात. २००५ साली भारतात आलेली मारुतीची स्विफ्ट ही त्यांतली सर्वांच्या ओळखीची. पुण्याजवळ चाकण येथे तयार होणाऱ्या फोक्सवॅगन पोलोची 'जीटी' आवृत्ती २०१३ साली निघाली. तिचे इंजिन अवघे १.२ लिटरचे, पण ताकद १०५ अश्वशक्तीची. रांजणगावच्या कारखान्यातून २०१५ साली बाहेर पडलेली फियाटची अबार्थ पुंटो तर १४५ अश्वशक्तीची होती. पोलोचे येथील उत्पादन २०२२ मध्ये थांबले, पुंटोही आता नवी मिळत नाही. तरीही जुन्या गाड्या जिवापाड सांभाळणारे लोक महाराष्ट्रात आणि गुजरातेत पुष्कळ आहेत. अशा गाडीला कारखान्यातून मिळालेले टायर बहुधा मध्यममार्गी असतात. ते फार दिवस टिकावेत, कमी इंधन खावेत, आवाज करू नयेत आणि स्वस्तही असावेत, अशा अनेक अपेक्षा एकाच वेळी सांभाळून ते निवडलेले असतात. पहिला संच झिजला की मालकाला वाटते, आता थोडे अधिक चांगले काही घालून पाहावे. ही इच्छा अगदी स्वाभाविक आहे.

टायराच्या परीक्षेचा इतिहास टायराइतकाच जुना आहे. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवीत. ती तापवून लाल करावयाची, लाकडी चाकावर बसवावयाची आणि पाणी ओतून आवळावयाची. धाव चाकाचे रक्षण करी. प्रवाशाच्या हाडांचे रक्षण करणे मात्र तिच्या शक्तीबाहेरचे होते. चार्ल्स गुडइयर याने १८३९ साली गंधकाच्या योगाने रबर पक्के करण्याची युक्ती शोधली. रॉबर्ट थॉमसन याने १८४५ साली हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले, परंतु ती कल्पना मागे पडली. १८८८ साली बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी ती पुन्हा सिद्ध केली. पुढे १८९५ साली मिशलँ बंधूंनी पॅरिस-बोर्दो-पॅरिस या शर्यतीत हवेच्या टायरांवर मोटार चालवून दाखविली. वाटेत टायर अनेकदा पंक्चर झाले, परंतु मोटार हवेवर चालू शकते हे जगाला पटले. त्याच कंपनीने १९४६ साली रेडियल रचनेचे पेटंट घेतले. या रचनेत आतील धागे चाकाच्या मध्याकडून परिघाकडे सरळ जातात आणि त्यांच्यावर पोलादी तारांचा पट्टा असतो. त्यामुळे टायराची बाजू लवचीक राहते आणि रस्त्याला टेकणारा भाग ताठ राहतो. भारतात डनलॉपने १९३६ साली बंगालमध्ये साहागंज येथे कारखाना काढला. मुंबईत भांडुपला सीएटचा कारखाना १९५८ नंतर उभा राहिला. रेडियल टायर येथे प्रथम १९७७ मध्ये जे. के. टायरने आणले. आज कामरेजपासून फार दूर नसलेल्या हजिरा येथे टायरांना लागणारे कृत्रिम रबरही तयार होते.

आता मूळ मुद्दा. गाडी रस्त्यावर किती जागेवर उभी असते? चालकासह अकराशे किलो वजनाची लहान मोटार घेतली आणि टायरांत चौरस इंचास ३३ पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो दाब धरला, तर चारही टायर मिळून साधारण ४८० चौरस सेंटिमीटर जागा व्यापतात. प्रत्येक टायराच्या वाट्याला १२० चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका तळहाताएवढी जागा येते. तासाला शंभर किलोमीटर वेगाने जाणारे सारे कुटुंब या चार तळहातांवर तोललेले असते. रुंद टायर घातला की रस्त्याला टेकणारी जागा पुष्कळ वाढते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. दाब तोच असेल तर क्षेत्रफळ जवळजवळ तेवढेच राहते, फक्त त्याचा आकार बदलतो. लांबट ठशाच्या जागी आखूड व रुंद ठसा पडतो. वळणावर त्याचा फायदा होतो आणि चक्र फिरविताच गाडी चटकन वळते. परंतु साचलेल्या पाण्यात तोच रुंदपणा अडचणीचा ठरतो.

पकड ठरते ती मुख्यतः रबराच्या मिश्रणावर. मऊ मिश्रण रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात शिरते आणि त्याला धरून राहते; परंतु ते लवकर झिजते आणि गोल फिरताना अधिक शक्ती गिळते. कठीण मिश्रण पुष्कळ टिकते, पण आणीबाणीच्या क्षणी घसरते. या ओढाताणीतून थोडीफार सुटका झाली ती १९९० नंतरच्या दशकात, काजळीच्या जोडीला सिलिका वापरण्याची पद्धत रूढ झाली तेव्हा. ओल्या रस्त्यावरची पकड वाढविणे आणि इंधनाचा खर्चही आटोक्यात ठेवणे त्यामुळे शक्य झाले. तथापि एका गोष्टीत मिळविले तर दुसऱ्या गोष्टीत थोडे गमवावे लागते, हा नियम कोणत्याही कारखान्याला पूर्णपणे मोडता आलेला नाही. टायर घेताना 'कोणता सर्वांत चांगला?' असे न विचारता 'कोणत्या कामासाठी चांगला?' असे विचारणे शहाणपणाचे.

टायराच्या बाजूवर त्याची कुंडली लिहिलेली असते. '१९५/६० आर १५ ८८ एच' याचा अर्थ असा: रुंदी १९५ मिलिमीटर; बाजूची उंची त्या रुंदीच्या ६० टक्के; रचना रेडियल; रिम १५ इंचांची; एका टायरावर जास्तीत जास्त ५६० किलो भार; आणि सहन होणारा कमाल वेग ताशी २१० किलोमीटर. ज्या गाडीला मुळात १८५/६५ आर १५ टायर आहेत तिला हा टायर घातला तर चाकाचा व्यास सुमारे साडेसहा मिलिमीटरांनी, म्हणजे एक टक्क्याने कमी होतो. तेवढा फरक चालण्यासारखा आहे. वेगदर्शक काटा शंभर दाखवील तेव्हा खरा वेग पूर्वीपेक्षा सुमारे एक किलोमीटरने कमी असेल. परंतु बाजूची उंची एकदम फार कमी केली तर खड्ड्यातला दणका टायर न सोसता रिम सोसते, आणि पावसाळ्यात पाण्याखाली लपलेला एक खड्डा रिम वाकविण्यास पुरेसा होतो. याच बाजूवर चार आकड्यांत तयार झाल्याचा आठवडा व वर्ष दिलेले असते. '२३२४' असे असेल तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. 'नवा' म्हणून विकला जाणारा टायर दुकानात किती काळ पडून होता हे त्यावरून कळते. वजनक्षमतेचा आकडा मूळ टायरापेक्षा कमी असता कामा नये, ही तर पहिली अट.

समजा, सुरतेतील एखाद्या तरुणाने असा संच आपल्या गाडीला बसवून घेतला आणि तो कामरेजच्या चौफुलीवरून महामार्गाला लागला. पहिल्याच वळणावर गाडी अधिक घट्ट वाटते, ब्रेक अधिक चांगला लागतो, आणि तो मित्रांना सांगतो, 'टायर अप्रतिम आहेत!' पण त्याने तुलना केली ती कशाशी? पन्नास हजार किलोमीटर झिजलेल्या, खाचा जवळजवळ बुजलेल्या जुन्या टायरांशी. त्यांच्यापुढे कोणताही नवा टायर अप्रतिमच ठरणार. शिवाय पदरचे पैसे खर्च झालेले असले म्हणजे गुण दिसू लागतात, दोष दिसत नाहीत. म्हणून खरी परीक्षा घ्यावयाची तर ती मोजमापाने घेतली पाहिजे. दोन्ही वेळा दाब तोच, भार तोच, रस्त्याचा तुकडा तोच आणि चालकही तोच असावा. दाब सकाळी, गाडी चालविण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावा. धावून तापलेल्या टायरातील दाब वाढलेला असतो आणि तो फसवितो. नवे टायर बसविल्यावर चाकांचे बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्यावे. नाही तर गाडी एका बाजूला ओढते आणि दोष टायरांच्या माथी येतो. नव्या रबरावर साच्यातून सुटताना राहिलेला गुळगुळीतपणा असतो. तो जाईपर्यंत, म्हणजे पहिले दोन-तीनशे किलोमीटर, गाडी जपूनच चालवावी. त्या अवधीत काढलेला कोणताही निष्कर्ष कच्चा समजावा.

आणखी एक गोष्ट. पैशाच्या अडचणीमुळे दोनच नवे टायर घ्यावयाचे असतील तर ते पुढे घालावेत, कारण ओढणारी चाके पुढची, असे बहुतेकांना वाटते. परंतु ते मागेच घालणे सुरक्षित असते. पुढची पकड सुटली तर गाडी वळणाबाहेर सरकते, आणि वेग कमी करताच बहुधा आटोक्यात येते. मागची पकड सुटली तर गाडी स्वतःभोवती फिरते. त्या क्षणी तिला सावरणे सामान्य चालकाच्या हातचे नसते.

टायराचा खरा कस लागतो तो ओल्या रस्त्यावर. कोरड्या डांबरावर साधा टायरही बऱ्यापैकी धरतो. उणे-अधिक दिसून येते ते पावसात. यासाठी एक साधे गणित पाहण्यासारखे आहे. दोन सारख्या मोटारी ओल्या महामार्गावरून ताशी ८० किलोमीटर वेगाने चालल्या आहेत. एकीच्या टायरांचा घर्षणांक ०.५ आहे, दुसरीच्या चांगल्या टायरांचा ०.६. पुढे उसाची गाडी आडवी आली आणि दोघांनी एकाच क्षणी ब्रेक दाबला. विचार करण्यात जाणारा एक सेकंद, म्हणजे बावीस मीटर, दोघांचेही सारखेच गेले. त्यानंतर चांगल्या टायरांची गाडी सुमारे ४२ मीटरांत उभी राहते. साध्या टायरांच्या गाडीला ५० मीटर लागतात. फरक आठ मीटरांचा, म्हणजे दोन गाड्यांच्या लांबीएवढा. पण त्याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. पहिली गाडी ज्या ठिकाणी शांतपणे उभी राहिली, त्याच ठिकाणी दुसरी गाडी अजून ताशी बत्तीस किलोमीटरांहून अधिक वेगाने जात असते. एकीतील माणसे नुसती दचकली. दुसरीतील माणसे उसाच्या गाडीवर आदळली. अधिक पकडीच्या टायराची खरी किंमत या आठ मीटरांत आहे.

पाणी साचलेले असेल तर आणखी एक संकट उभे राहते. टायराच्या खाचा पाणी बाजूला फेकीत असतात. वेग फार वाढला की त्यांना ते काम पुरे पडत नाही आणि टायर पाण्याच्या थरावर उचलला जातो. मग चक्र फिरविले तरी गाडी वळत नाही, ब्रेक दाबला तरी थांबत नाही. अमेरिकेतील 'नासा' या संस्थेने विमानांच्या चाकांवर प्रयोग करून १९६० नंतरच्या दशकात यासंबंधी एक सूत्र मांडले. खाचा झिजलेल्या टायराला खोल पाण्यात ते लावले, तर ३३ पौंड दाबाला हा धोक्याचा वेग ताशी सुमारे ९५ किलोमीटर येतो. दाब २५ पौंडांवर घसरला असेल तर तो ८३ पर्यंत खाली येतो. म्हणजे हवा भरण्याचा आळस केला तर उत्तम टायरही आपले मोल गमावतो. खाचांच्या तळाशी झिजेची खूण म्हणून रबराचे लहान उंचवटे ठेवलेले असतात. रबर झिजून खाचांची खोली १.६ मिलिमीटर उरली की ते उंचवटे पृष्ठभागाच्या बरोबरीला येतात. तेव्हा टायर कायद्याने बाद होतोच. परंतु पावसाळ्यात शहाण्या माणसाने त्याच्या पुष्कळ आधी टायर बदलावा. पहिल्या सरींचे तर विशेषच भय. उन्हाळाभर रस्त्यावर साठलेले तेल आणि रबराची धूळ पाण्यात मिसळून डांबर साबणासारखे होते, आणि तापीच्या पुलावरील लोखंडी सांधे त्याहूनही निसरडे.

टायरांच्या या गुणांची दखल आता सरकारनेही घेतली आहे. ओल्या रस्त्यावरची पकड, फिरताना होणारा विरोध आणि आवाज यांच्या किमान-कमाल मर्यादा ठरविणारे नियम केंद्र सरकारने २०२२ साली जाहीर केले, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून नव्या घडणीच्या टायरांना ते लागू झाले. ब्रेक दाबला असता चाके जखडू न देणारी एबीएस ही योजनाही एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची आहे. परंतु एबीएस पकड निर्माण करीत नाही. असलेली पकड नीट वापरते, इतकेच. आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

येथे हौशी माणसाला एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. टायराची कमाल पकड किती हे शोधावयाचे तर ती सुटेपर्यंत गाडी दामटावी लागते, आणि कामरेजचा महामार्ग ही त्याची जागा नव्हे. चौपदरी व त्याहून मोठ्या महामार्गांवर मोटारींसाठी ताशी १०० किलोमीटर ही कमाल मर्यादा केंद्राने २०१८ साली ठरविली. राज्याला ती आणखी कमी करता येते. टायरावर २१० चा वेग लिहिला आहे म्हणून रस्त्यावर तो परवाना मिळत नाही. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. रात्री रिकाम्या वाटणाऱ्या पट्ट्यावरही दिवे न लावता उभा असलेला ट्रक असतो, रस्ता ओलांडणारा मजूर असतो, उलट दिशेने येणारी दुचाकी असते. ज्यांना सीमा गाठावयाची आहे त्यांच्यासाठी कोइमतूरची आणि चेन्नईजवळची शर्यतीची मैदाने आहेत. कारखान्यांच्या परीक्षेसाठी इंदूरजवळ पीथमपूर येथे २०२१ साली सुरू झालेला ११.३ किलोमीटरांचा मोठा वर्तुळाकार मार्ग आहे आणि ओल्या पृष्ठभागावर ब्रेक तपासण्याची सोयही आहे. तेथे समोर कोणी आडवे येत नाही आणि चूक झाली तर ती ज्याची त्यालाच भोगावी लागते.

मग सामान्य मालकाने काय पाहावे? नेहमीच्या वेगाने, नेहमीच्या रस्त्याने महिनाभर गाडी चालवावी आणि टिपण ठेवावे. इंधन पूर्वीपेक्षा किती लागते? ऐंशीच्या वेगाला आतील बोलणे ऐकू येते की टायरांचा आवाज त्यावर चढतो? खडबडीत रस्त्यावर घरातील वडीलधारी माणसे तक्रार करतात काय? पाच हजार किलोमीटरांनंतर खाचा चारही टायरांवर सारख्या झिजल्या आहेत की एकीकडेच? पावसात, मागे-पुढे कोणी नसताना, हलक्या वेगात ब्रेक दाबला असता गाडी सरळ रेषेत थांबते काय? या प्रश्नांची उत्तरे नीट मिळाली तर खर्च सार्थकी लागला असे समजावे. ज्याची गाडी बहुतेक वेळ शहराच्या गर्दीतच चालते त्याला कदाचित असेही दिसून येईल, की जुन्याच प्रकारचा नवा संच आणि पंधरा दिवसांनी एकदा हवेची तपासणी एवढे केले असते तरी पुरे होते. तसे आढळले तर ते मान्य करण्यात कमीपणा नाही. परीक्षा घ्यावयाची ती एवढ्यासाठीच.

चपळ गाडीची आवड वाईट नाही. यंत्रावर प्रेम करणारा माणूस बहुधा त्याची काळजीही घेतो, आणि काळजी घेतलेली गाडी इतरांनाही कमी धोक्याची असते. मात्र चांगले टायर बसविले म्हणून पूर्वीपेक्षा वेगाने जाणारा मनुष्य टायराने दिलेली सारी सुरक्षितता स्वतःच खर्चून टाकतो. पूर्वीच्याच वेगाने जाणाऱ्याच्या गाठीला मात्र ते आठ मीटर शिल्लक राहतात. कामरेजच्या पुलावर, आषाढातल्या एखाद्या संध्याकाळी, कोणाचा तरी बाप किंवा कोणाचे तरी लेकरू त्याच आठ मीटरांत उभे असण्याचा संभव असतो.